आमचा तंगडतोडवाला

माणूस खरा कसा पडतो हे पाहायचं असेल तर त्याला आधी सांगता कामा नये, असं आमच्या भाडेकरूचं ठाम मत होतं. सांगितलं की माणूस हात पुढं करतो, तोंड वाचवतो, बायका पदर सावरतात, आणि पडणं खोटं होतं. म्हणून आमच्या मागच्या खोलीत बिऱ्हाड केल्यावर तो पहिला पावसाळाभर नुसता पडवीत बसून असायचा. आमच्या अंगणात शेवाळ धरतं. येणारा-जाणारा घसरला की हा आनंदानं उठायचा आणि त्याला हात द्यायच्या ऐवजी विचारायचा, "डावा पाय आधी गेला की उजवा?"

असल्या प्रश्नाला आमच्या किन्हवली गावात उत्तर मिळत नाही, शिवी मिळते. तीही तो मान डोलावत ऐकून घ्यायचा, गवयाची तान ऐकावी तशी.

मुंबईहून आलेला, चाळिशी ओलांडलेली, लग्न नाही, दाढी आहे, चपला नेहमी दोन वेगळ्या. खोली बघायला आला तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं, "काय करता तुमी?"

"कार्टून."

"ल्हान पोरांचं?"

"नाही. मोठ्या माणसांचं."

ह्यांच्या मनात काय आलं ते ह्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही. पण खोली दिली, आणि जाता जाता मला हळूच म्हणाले, "मागच्या खिडकीला पडदा लाव."

पडद्याआड चाललं होतं ते असं. त्याची मालिका होती, 'तंगडतोड' नावाची. आजपासून दोनशे वर्षांनी काय होईल त्याची. तेव्हा म्हणे निवडणुका संपलेल्या, पंचायती संपलेल्या, आणि कुठल्या गावाला पाणी सोडायचं ते एका खेळावर ठरतं. धरणं आमच्या उशाशी आणि हंडे आमच्या डोक्यावर, ही गोष्ट आमच्याकडच्या शेंबड्या पोराला कळते. त्यानं तीच दोनशे वर्षं पुढं ढकलली होती. खेळ म्हणजे आपली कबड्डीच, पण माणसांचे हातपाय बाटलीच्या झाकणासारखे आट्यांवर बसवलेले. चढाईला आलेल्या गड्याचा जो अवयव हाती लागेल तो उपटायचा. त्यानं तुमचा पाय उपटून रेघ ओलांडली की पाय त्याचा आणि पाणीही त्याचं. सामना संपला की दुकानात जायचं आणि नवे हातपाय बसवून घ्यायचे. रक्त, आतडी, शिव्या, सगळं भरपूर. आणि पाहणारा हसून हसून लोळला पाहिजे, अशी त्याची अट. "हसू येईपर्यंत मारायचं, काकू," तो मला सांगायचा, "आणि रडू यायच्या जरा आधी थांबायचं. बाकी सगळं कॉम्प्युटर करतो."

त्या वेळची मी कशी होते ते इथं सांगायला हवं, कारण ती बाई आता मला बाजारात भेटली तर मी तिला चिमटा काढल्याशिवाय सोडणार नाही. साठी गाठलेली. महिला भजनी मंडळाची अध्यक्ष. पदर दोन्ही खांद्यांवरून. गाढवाला गाढव म्हटलं तर जीभ विटाळेल म्हणून 'ते कुंभाराचं जनावर' म्हणणारी. सून फोनवर मोठ्यानं हसली तर खाकरणारी. शिमग्यात अख्खं गाव बोंबा मारत असताना दार लावून पुरण वाटणारी, आणि वाटताना कान मात्र दाराच्या फटीला लावणारी. मालिकेचं नाव कळल्यावर ह्या बाईनं त्याला काय सुचवलं असेल? "त्यापेक्षा 'चरणभंग' ठेवा की, साहेब. जरा बरं वाटतं."

मी विनोद केलाय का, हे त्याला ठरवता येईना. मी केला नव्हता.

आता असा हा रक्ताच्या चिळकांड्या उडवणारा माणूस. 'रक्त कमी पडतंय' हे वाक्य तो आमटीत मीठ कमी पडल्यासारखं म्हणायचा. आणि अंगावर बसलेल्या डासाला फुंकर घालून उठवायचा. एकदा विळीवर माझं बोट कापलं. हा चहाचा कप परत द्यायला दारात आला होता. माझ्या बोटाचा थेंब जमिनीवर पडायच्या आत हा पडला. कप फुटला, कांद्याची टोपली उलटली. मी एका हातानं बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं फोडलेला कांदा ह्याच्या नाकाशी धरला. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य काय? "कसा पडलो मी? कोणी पाहिलं?"

"मी पायलं. भाताचं पोतं सुटावं तसे."

"गुडघे आधी वाकले का?"

"मला काय ठावं! माझं बोट कापलं होतं ना!"

तो फार हळहळला. जगातल्या सगळ्यांचं पडणं दिसतं, स्वतःचं तेवढं कधी दिसत नाही, ही त्याची कायमची खंत. घरातला आरसासुद्धा त्यानं भिंतीवरून काढून जमिनीलगत टेकवून ठेवला होता. त्याच्यासमोर पडून बघायचा. पण आरसा समोर असला की पडणारा आरशात बघतो, आणि मग ते खोटंच होतं.

हाडं मोडण्याचे आवाज हा त्याचा दुसरा छंद. जून शेवग्याची शेंग पिळली की मान मुरगळते. तुरीची वाळकी काटकी मोडली की गुडघा जातो. आणि खांदा मुळासकट उखडायचा तर त्याला फणसच हवा, हातानं फाडलेला. डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवरून बाया फणस घेऊन बाजाराला यायच्या. त्या ह्याला विचारायच्या, "कापा पायजे का बरका?"

हा म्हणायचा, "खांद्याचा."

बाया हसून लोटपोट व्हायच्या, पण पुढच्या वेळी येताना बरोबर तसाच आणायच्या, फाडला की चर्र करून सुटणारा. ज्या दिवशी पडद्यावर मारामारी मोठी, त्या दिवशी आमच्या आळीत घरोघर गरे.

आमचे हे त्याच्या नादी कसे लागले ते मात्र मला उशिरा कळलं. हे तरुणपणी शहापूर-मुरबाडकडच्या कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जायचे. शिट्टी अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे. घरात कधी कशावर मत न देणारा हा माणूस एक दिवस मागच्या खोलीतून तावातावानं बोलताना ऐकू आला.

"असं कसं बाद? पाय तुटला तं तुटला. पन तुटलेला पाय रेघंला टेकलाय ना?"

"पण काका, पाय त्याचा राहिलाच नाही ना आता."

"कोनाचा मग? तुमचा? त्याच्या आईनं दिलेला पाय हाय तो!"

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं खेळाचे नियम घोटत बसायचे. डोकं धडावेगळं झालं तर गडी बाद की नाही, यावर ह्यांनी एक अख्खा दिवस घेतला. जेवताना गप्प, शेतावर गप्प. मग हात धुऊन उठले आणि निकाल दिला. "दम महत्त्वाचा. तोंडातला दम चालू हाय तवर गडी जिता. मग कंबर तुटू दे नायतर मुंडकं."

तो उठला आणि ह्यांच्या पाया पडला. त्या एका निकालावर त्यानं मालिकेचा शेवटचा भाग बेतला. त्यात शहापूरच्या संघाची म्हातारी गुरू, तिला सगळे आक्का म्हणतात, स्वतः चढाईला उतरते. हात जातात, पाय जातात, धड जातं. उरलेलं मुंडकं एका दमात शिव्या घालत घरंगळत येतं आणि रेघ ओलांडतं. गावाला पाणी मिळतं.

सगळं जमलं होतं. आक्काला फक्त आवाज नव्हता. मुंबईच्या नाटकांतल्या बायकांचे आवाज त्यानं ऐकून पाहिले होते. "शिव्या देतात त्या," तो म्हणायचा, "पण दिल्यावर थँक्यू म्हटल्यासारख्या वाटतात."

आता माझ्या अधःपाताकडं येते.

माघ महिना होता. मुरबाडकडून माझा भाऊ माहेरचे वाल घेऊन आला होता. मी ते अंगणात चटईवर पसरले आणि भावाला चहा द्यायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर माझ्या नणंदेची बकरी चटईच्या मधोमध उभी राहून नव्या नवरीसारखी सावकाश जेवतेय. नणंद म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, शेजारीच राहणारी. आम्ही त्यांना वन्सं म्हणायचो आणि त्यांना सगळी किन्हवली टरकायची.

अंगणात कुणी नाही असं बघून भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी तोंड उघडलं.

"अगं ए मुडद्याच्या सुने! तुझ्या दाढीला इंगळ्या लागू देत! तुझ्या मालकिनीच्या चुलीत बेडक्या नांदू देत! तुझं मढं काळू नदीच्या पुरात गेलं नि माशांनी पन तोंड फिरवलं गो तुझ्यावरून!" आणि पुढं बरंच. काही मला इथं लिहिता येण्यासारखं, काही नाही. मधे श्वास घेतल्याचं मला आठवत नाही.

थांबले तेव्हा मागच्या दारात तो उभा होता. डोळे भरलेले, दोन्ही हात छातीशी. देव दिसल्यावर माणूस असा उभा राहत असावा.

"काकू," तो म्हणाला, "परत एकदा म्हणाल?"

"काय? मी कुठं काय बोलले? मी तर रामरक्षा म्हणत होते."

तेवढ्यात भाऊ चहाची बशी घेऊन बाहेर आला आणि त्यानं माझं उरलंसुरलं वस्त्रहरण केलं. "हां! आत्ता वळखली बघा. ही आमची हुतूतूवाली! भात कापून झाला का खाचरात खेळायची. दम असा धरायची का समोरच्या पोरी बसून घ्यायच्या. आनि पाय धरला कोनी तं चावायची."

"चावायच्या?" तो जवळ आला. "कुठं?"

"पोटरीला," भाऊ म्हणाला. "एका पोरीनं तं हिच्या भीतीनं लांबच्या गावात लग्न करून घेतलं."

दुसऱ्या दिवशी पडद्यावरच्या आक्काला पोलादी जबडा फुटला होता.

आक्काचा आवाज द्या म्हणून तो रोज विनवायचा, मी रोज कानांवर हात ठेवायची. शेवटी वन्संनीच ओट्यावरून न्याय दिला. बकरीला घातलेल्या शिव्या त्यांनी घरात बसून ऐकल्या होत्या, आणि मला वाटतं, थोड्या आवडल्याही होत्या. "शिमग्यात घाल की गो. होळी पेटली का तोंड मोकळं. धुळवडीला आंघोळ केली का गेलं सगळं धुऊन. शिमगा सोडून मात्र नाय."

त्यानं ते मनापासून मानलं. मुंबईच्या कंपनीला फोनवर शांतपणे सांगताना मी ऐकलं, "नाही हो, आत्ता नाही. होळीपर्यंत आमचे आर्टिस्ट शिव्या देत नाहीत."

शिमगा आला. पत्र्याच्या कोठ्या आल्यापासून पडवीतली आमची भाताची मोठी कणगी रिकामी होती. त्यानं ती आतून गोधड्यांनी मढवली, वरून माईक सोडला आणि मला स्टुलावर चढवून आत उतरवलं. शेणानं सारवलेल्या बांबूच्या त्या पोटात बसून, भाताचा जुना वास घेत, मी होळीपासून रंगपंचमीपर्यंत शिव्या घातल्या. माझी अट एकच होती. "नाव घालायचं नाय. मला मंडळात तोंड दाखवायचंय."

"नाव नाही, काकू. फक्त आवाज."

पहिल्या दिवशी लाजत होते. दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, जेवण तुम्ही वाढून घ्या, मला वेळ नाही.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. शिमग्यात शिव्या मोकळ्या, तसे ढोलही मोकळे. माझ्या प्रत्येक शिवीमागं गावाचा ढोल. बाकीच्या भागांतून त्यानं तो खरवडून काढला. शेवटच्या भागातली मुंडक्याची शिवी मात्र निघेना. ती एका दमातली, लांबलचक, आणि तिच्या नेमक्या मध्यावर कुणीतरी ढोल बडवलेला. श्रावण उजाडला आणि कंपनीचा निरोप आला. शनिवारपर्यंत स्वच्छ आवाज द्या, नाहीतर आमची नावाजलेली नटी पहिल्यापासून सगळी आक्का करील.

त्यानं मला ते सांगितलंच नाही. श्रावण म्हणजे माझे सोमवार, शनिवार, एकभुक्त, पोथी. त्यानं तिकडं परस्पर कळवून टाकलं की आवाज हाच राहील, नाहीतर मालिकेवरचं त्याचं स्वतःचं नाव काढावं आणि सगळं त्यांनीच ठेवावं. हे मला सुनेकडून कळलं, ती त्याच्या खोलीत चार्जर मागायला गेली होती. "आई, ते सामान बांधतायत," ती म्हणाली.

मी मागं जाऊन बघितलं. आरसा पुन्हा भिंतीवर टांगलेला. मला बघून तो हसला. "काकू, तुम्ही उपास करा. अशा मालिका काय, होतात."

होत नाहीत. मलाही कळत होतं. ज्या कामापायी माणसानं घर, नोकरी, चपलांचे जोड सगळं हरवलं, ते तो बांधून दुसऱ्याच्या हातात देणार होता. कशासाठी, तर किन्हवलीच्या एका म्हातारीच्या शिवीसाठी. त्या आठवड्यात अंगणात शेवाळ असं दाटलेलं होतं, पण तो पडवीत आला नाही. कोण घसरलं ते विचारलं नाही. स्वतः कुठंही पडला नाही. ह्यांनी मुद्दाम त्याच्या दारासमोर पाय घसरल्यासारखं केलं, तर म्हणाला, "सांभाळून, काका."

हे आत येऊन बसले. म्हणाले, "दम गेला त्याचा."

शुक्रवारी मी वन्संकडं गेले. त्या वाती वळत होत्या.

"वन्सं, श्रावनात शिवी चालंल का?"

"नाय."

"एकच हाय. पन लांब हाय."

"लांब असली म्हनून काय झालं? शिमगा तं नाय ना."

"मंग शिमगा कशानं व्हतो?"

वन्संनी वात खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. ती बाई रागावली की बकरीसारखं डोकं खाली घ्यायची. ह्या वेळी घेतलं नाही. "होळी पेटली का शिमगा," त्या म्हणाल्या. "पंचांगात काय बी असू दे."

शनिवारी दुपारी पावसानं उघडीप दिली. अंगणालगतच्या खळ्यात गोठ्याच्या छपराच्या पाख्याशी आम्ही होळी रचली. माळ्यावरच्या कोरड्या गोवऱ्या, पेंढा आणि मधे एरंडाची फांदी. नैवेद्याला साबुदाण्याची खिचडी, कारण माझा शनिवार होता. ह्यांनी देव्हाऱ्यातली शिट्टी काढून गळ्यात घातली. का, ते मी विचारलं नाही. कार्टूनवाल्याला सुनेनं हाताला धरून आणलं. त्यानं होळी बघितली, खिचडी बघितली, कणगीत उतरायला पदर खोचून उभी असलेली काकू बघितली, आणि माईक आणायला धावला.

धूर वर गेला. मी कणगीत उतरले. आणि वन्सं म्हणाल्या, "बोंब नाय मारली तं होळी कसली?" त्यांनी तोंडावर पालथा हात नेला आणि बोंब ठोकली.

वन्संची बोंब पार शेणवे गावापर्यंत जायची असं म्हणतात. शिमग्यात तिच्याकडं कुणी लक्ष द्यायचं नाही. पण भर श्रावणात, दुपारच्या शांततेत, एका घरातून धूर निघतोय आणि बोंब ऐकू येतेय, याचा आमच्याकडं एकच अर्थ होतो. शेतांत निंदणीला बसलेल्या बायका उठल्या. माणसं औतं-अवजारं टाकून निघाली. आत कणगीत मला ह्यातलं काही कळलं नाही. मला फक्त त्याचा आवाज ऐकू आला, "काकू, दम घ्या," आणि मी दम घेतला.

तो दम कुठून आला कोण जाणे. खाचरातून आला असावा. कापलेल्या भाताच्या धसांवर अनवाणी उभी असलेली, परकराचा काष्टा मारलेली ती चावरी पोरगी आत कुठंतरी बसून होती, ती उठली. मी सुरुवात केली. धरणाच्या भिंतीपासून केली, पाणी नेणाऱ्याच्या पणज्यापर्यंत गेले, त्याच्या टाकीत, त्याच्या नळात, त्याच्या न्हाणीघरात, त्याच्या साबणाच्या वडीवर गेले, आणि श्वास न घेता परत रेघेवर आले. माझं मुंडकं रेघ ओलांडतंय असं मला दिसलं. बाहेर ह्यांनी शिट्टी फुंकली. लांब, पंचाची.

शिट्टी थांबली आणि एक पुरुषी आवाज आला, "आरं पन गेलं कोन?"

मी स्टुलावर चढून कणगीतून डोकं बाहेर काढलं. आमचं खळं माणसांनी भरलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी. एकानं तर तिरडीसाठी दोन हिरवे बांबू खांद्यावर आणले होते. आणि पुढच्या रांगेत, ओल्या पदरांनी, माझं भजनी मंडळ. पेटीवाल्या बाई, टाळवाल्या बाई, सगळ्या. माझ्या मुंडक्याकडं टक लावून.

"कोन नाय गेलं," ह्यांनी जाहीर केलं. "रेकॉडिंग हाय."

"मंग ती बोंब?"

"शिमगा हाय आज आमच्याकडं," वन्सं म्हणाल्या. "का? काय म्हननं हाय?"

पेटीवाल्या बाई पहिल्यांदा हसल्या. त्या मला म्हणाल्या, "साबनाची वडी लई भारी होती, अध्यक्षबाई." मग सगळं खळं सुटलं. मरण ऐकून धावत आलेली माणसं, आणि मेलेलं कुणी नाही, त्याचा जो आनंद होतो तो दुसऱ्या कशाचा होत नाही. ज्यानं बांबू आणले होते त्यानंच बोंब ठोकली, मग सगळ्यांनी.

तेव्हा कार्टूनवाल्याच्या डोक्यात उजेड पडला. आक्काचं मुंडकं रेघ ओलांडतं तेव्हा मैदानात हजारो माणसं ओरडायला हवीत, आणि ती आजवर त्याला मिळाली नव्हती. "थांबू नका!" तो किंचाळला, "थांबू नका, ओरडा! पाणी मिळालंय तुम्हाला!" आणि दुसरा माईक हातात घेऊन पडवीतून अंगणात धावला.

त्याच शेवाळावरून.

असं पडणं मी जन्मात पाहिलेलं नाही. दोन्ही पाय एकदम आभाळाला, चपला दोन दिशांना, माईकचा हात तेवढा उंच, आणि पाठीवर पडून हा तसाच घसरत थेट होळीपाशी. मग चिखलातून आवाज आला, "कोणी पाहिलं का? कसा पडलो?"

"पायलं!" अख्खी किन्हवली म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या खळ्यात माणसं एकामागून एक पडून दाखवत होती. असा पडलात. नाय रे, असा. डावा पाय आधी गेला. तो चिखलात मांडी घालून बसला होता आणि बघत होता, आपलं स्वतःचं पडणं, प्रत्येकाच्या अंगातून वेगवेगळं. खिचडी त्यानंच संपवली.

उठताना तो मला म्हणाला, "नाव नाही घालत, काकू. लक्षात आहे."

मी मंडळाकडं बघितलं. मंडळ माझ्याकडं बघत होतं. "आता काय लपवतोस, मेल्या?" मी म्हटलं. त्याला मेल्या म्हणायची ती पहिलीच वेळ. "घाल. पूर्ण घाल. आनि माहेरचं बी घाल. खाचरातली पोरगी तिकडची होती."

मालिका आली तेव्हा आम्ही दार लावून पाहिली. पडद्यावर आधी इशारा आला, हे लहान मुलांसाठी नाही, तर वन्सं म्हणाल्या, "मला बसायला चालंल ना?" आवाज स्वच्छ होता, कंपनीच्या नटीला दुसरं काम शोधावं लागलं. आणि शेवटी नावं आली. आक्काचा आवाज, त्यापुढं माझं नाव, सासरचं, माहेरचं, लांबच लांब. मग पंच, आमचे हे. हाडं : फणस, शेवगा, तूर. प्रेक्षक : किन्हवली आणि आसपास. त्याचं स्वतःचं नाव मी शोधत होते, ते सगळ्यांत खाली निघालं. 'पडले' असं लिहून त्यापुढं.

पुढच्या वर्षी तो गेला. आता कुठं दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात मोठ्या पडद्यासाठी माणसं पाडतो. जाताना आरसा ठेवून गेला, पुन्हा जमिनीलगत टेकवून. माझ्या नातवंडांना आता त्यात आपले पाय बघायची सवय लागली आहे.

परवा त्याचा फोन आला. नवीन काम अडलंय म्हणाला, माणसं पडतात पण हसू येत नाही. आवाज बसलेला होता, सामान बांधत होता त्या आठवड्यातल्यासारखा.

"जेवलास का?"

"हो. नाही. काकू, एक ऐकवता? जुनी, कुठलीही. म्हणजे मला जरा..."

"अरे, श्रावनी सोमवार हाय माझा. देवाम्होरं बसलेय."

"हां, हां. सॉरी. राहू दे. शिमग्याला करतो फोन."

तो ठेवणार, एवढ्यात माझी नजर समोर गेली. वन्संनी वळून दिलेली वात, तुपातली, देवापुढं निरांजनात शांत जळत होती. वन्सं आता नाहीत, पण त्यांचा न्याय मला पाठ आहे. पेटलेलं होतं ना? मग झालं.

"थांब," मी म्हटलं, आणि पदर खोचला. ज्योत लहान होती, म्हणून शिवीही लहानच घातली.